मुलांचे व्हायरल जुलाब आणि प्रोबायोटिक: काउंटरवरून काय द्यावं, किती आणि किती दिवस?

प्रश्न: तासगाव_मेडिकल

दिवाळी उलटून थंडी पडली की काउंटरवर तीच मागणी सुरू होते, "पोराला ढाळ लागलेत, ते पोटातले चांगले जंतू वाढवायचं औषध द्या." चिठ्ठी असते, नसते. मूल सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतचं. आधी एक दिवस उलट्या, अंगात कणकण, मग पाण्यासारखी पातळ शी. रक्त नाही, शेंब नाही. लक्षणांवरून रोटा किंवा नोरो व्हायरसच वाटतो.

रॅकवर चार प्रकारचा माल आहे. बॅसिलस क्लॉसीच्या ५ मिलीच्या प्लास्टिक कुप्या, एकीत २०० कोटी स्पोअर, म्हणजे जंतूची टणक बीजं. सॅकरोमायसिस बोलार्डीचे २५० मिग्रॅचे सॅशे. 'लॅक्टिक ॲसिड बॅसिलस' छापलेल्या गोळ्या आणि पावडर. आणि सात-आठ जंतूंची मिसळ असलेले महागडे सॅशे, ज्यांवर औषध कंपन्यांच्या एमआर लोकांचा सगळ्यात जास्त जोर असतो.

जाणकारांनी सांगावं:
१. व्हायरसमुळे झालेल्या जुलाबात प्रोबायोटिकचा खरंच उपयोग होतो का?
२. होत असेल तर कोणता जंतू, किती, किती दिवस?
३. एप्रिल-मेमध्ये लाइट जाते, फ्रिज बंद पडतो. माल खराब होतो का?
४. घरचं दही दिलं तर चालेल का, हे तर रोज कोणीतरी विचारतंच.

---

मिरज_बालरोग

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर गेल्या दहा-पंधरा वर्षांत चक्क बदललं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

२०१० साली कॉक्रेनने, म्हणजे वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेने, जुने अभ्यास एकत्र केले, तेव्हा प्रोबायोटिकने जुलाब सरासरी २५ तासांनी लवकर थांबतात असं निघालं होतं. आजही एमआर दाखवतात तो तक्ता बहुतेक त्याच काळातला असतो. त्यातले बरेच अभ्यास छोटे होते आणि प्रत्येकाची मोजपट्टी वेगळी. २०१८ मध्ये दोन मोठे अभ्यास एकाच वेळी छापून आले. अमेरिकेत १० ठिकाणच्या इमर्जन्सी विभागांत ३ महिने ते ४ वर्षं वयाची ९७१ मुलं घेतली. निम्म्यांना लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी, म्हणजे एलजीजी, १,००० कोटी सीएफयू (जिवंत जंतूंचा आकडा) दिवसातून दोनदा, ५ दिवस. निम्म्यांना तसंच दिसणारं पण जंतू नसलेलं औषध. जुलाब चालले ४९.७ तास आणि ५०.९ तास. तासाभराचा फरक. कॅनडात ८८६ मुलांवर ऱ्हॅम्नोसस आर००११ आणि हेल्व्हेटिकस आर००५२ ही जोडी वापरली, तिथेही हाती काही लागलं नाही. २०२० साली कॉक्रेनने पुन्हा हिशेब मांडला: ८२ अभ्यास, १२,१२७ रुग्ण, त्यात बहुतेक मुलंच. काटेकोर अभ्यास तेवढे वेगळे काढले तर ४८ तासांपेक्षा जास्त जुलाब चालण्याच्या शक्यतेत फरक शून्य. त्याच वर्षी अमेरिकन गॅस्ट्रोएन्टरॉलॉजिकल असोसिएशनने अशा मुलांना प्रोबायोटिक देऊ नका, असं सुचवलं.

असं का, हे समजलं की गिऱ्हाइकाला सांगणं सोपं जातं. रोटाव्हायरस लहान आतड्यातल्या रसांकुरांच्या टोकावरच्या पेशी मारतो. त्या पेशी झडतात, पाणी शोषायचं काम मंदावतं, आणि व्हायरसचं एनएसपी४ नावाचं प्रथिन आतड्याला उलट पाणी सोडायला लावतं. नव्या पेशी रसांकुरांच्या बुडातून वर सरकत येतात, त्याला तीन ते पाच दिवस लागतात. हा वेळ पुडीने कमी होत नाही. म्हणजे तिसऱ्या दिवशी दिलेल्या कुठल्याही औषधाला पाचव्या दिवशी श्रेय मिळतं. ढाळाच्या औषधांचा धंदा या एका गोष्टीवर चालतो, असं म्हटलं तर अगदीच खोटं ठरणार नाही.

तेव्हा काउंटरचा क्रम असा ठेवा: ओआरएस, झिंक, खाणं चालू. प्रोबायोटिक त्यानंतर, आणि पैसे उरत असतील तर. पुडी ६० रुपयांची घेतली म्हणून ओआरएसची पाकिटं दोनाऐवजी एकच नेली, असं होऊ देऊ नका.

झिंक: २ ते ६ महिन्यांच्या बाळाला रोज १० मिग्रॅ, ६ महिन्यांच्या पुढच्या मुलाला रोज २० मिग्रॅ, एकूण १४ दिवस. शी घट्ट झाली तरी थांबवायचं नाही.

---

वाई_औषधनिर्माण

डॉक्टर, मांडणी पटली, पण चित्र तुम्ही म्हणता तितकं एकरंगी नाही. युरोपातल्या बालपोटविकार तज्ज्ञांची संघटना एस्पगान हिने २०२३ मध्ये हाच पुरावा पाहून वेगळी भूमिका घेतली. पुराव्याचा दर्जा कमी आहे हे मान्य करून त्यांनी काही ठरावीक स्ट्रेन, म्हणजे जंतूच्या एकाच जातीतले नेमके वाण, 'वापरता येतील' या यादीत ठेवले. मात्रेसकट देते, तासगावकरांचा दुसरा प्रश्न त्यात सुटतो:

सॅकरोमायसिस बोलार्डी, दिवसाला २५० ते ७५० मिग्रॅ, ५ ते ७ दिवस. तुमचा २५० चा सॅशे म्हणजे दिवसाला एक ते तीन; लहान मुलांना सहसा सकाळ-संध्याकाळ एकेक लिहितात.
एलजीजी, दिवसाला निदान १,००० कोटी सीएफयू, ५ ते ७ दिवस.
लॅक्टोबॅसिलस रॉयटेरी डीएसएम १७९३८, दिवसाला १० ते ४० कोटी, ५ दिवस. हे थेंबांत येतं.

आणि 'देऊ नका' या यादीत कॅनडातली ती जोडी आहे, आणि बॅसिलस क्लॉसीही आहे. आपल्या सातारा-सांगलीत सगळ्यात जास्त खपतात त्या क्लॉसीच्याच कुप्या. त्यांनी अपाय होतो असं नाही, उपयोग दाखवण्याइतका पुरावा नाही एवढंच.

अमेरिका-कॅनडातली मुलं आणि आपली मुलं यांत फरक आहे हाही मुद्दा आहेच. तिथे रोटाची लस आधीपासून, खाणं वेगळं, आतड्यातले जंतू वेगळे. वेल्लोरला रोटाच्या मुलांना एलजीजी ५ दिवस नव्हे, ४ आठवडे देऊन पाहिलं. २०१४ साली ते छापून आलं. त्यात जुलाब पुन्हा होण्याचं प्रमाण कमी दिसलं. एका छोट्या अभ्यासावरून घरोघरी महिनाभर पुड्या द्या असं मी म्हणणार नाही. पण दार बंद झालं असंही म्हणवत नाही.

द्यायचंच असेल तर पहिल्या-दुसऱ्या दिवशी. चौथ्या दिवशी सुरू करून काही साधत नाही.

---

मिरज_बालरोग

वाईच्या मॅडम, यादी बरोबर आहे. माझा आक्षेप एवढाच, की 'वापरता येईल' हे वाक्य काउंटरपर्यंत पोचेतो 'वापरलंच पाहिजे' होतं.

आणि एक भर. काही मुलांना विचारल्याशिवाय द्यायचं नाही: अपुऱ्या दिवसांचं तान्हं, केमो किंवा स्टिरॉइडवर असलेलं मूल, जन्मतः प्रतिकारशक्ती कमी असलेलं, आणि ज्याच्या मोठ्या शिरेत नळी घातलेली आहे असं. बोलार्डी ही यीस्ट आहे. सॅशे फाडताना बारीक धूळ उडते आणि नळीच्या तोंडावर बसली तर यीस्ट रक्तात जाते. म्हणून वॉर्डात कॉटजवळ हे सॅशे फाडू देत नाहीत.

---

कराड_मायक्रो

माल ओळखायचं आणि ठेवायचं मी सांगतो.

लेबलवर तीन शब्द लागतात: वंश, जाती, स्ट्रेन. नुसतं 'लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस' म्हणजे आडनाव आणि गाव कळलं, माणूस कळला नाही. एलजीजीचा नंबर एटीसीसी ५३१०३. बोलार्डीवरचे बरेच अभ्यास सीएनसीएम आय-७४५ वर झाले आहेत. नंबरच नसेल तर ते औषध कोणत्या अभ्यासाच्या जिवावर विकलं जातंय हे सांगता येत नाही. त्यात २०२० साली लॅक्टोबॅसिलसच्या कुळाची फोड झाली, म्हणून ऱ्हॅम्नोससच्या पुढे आता लॅक्टिकेसीबॅसिलस आणि रॉयटेरीच्या पुढे लिमोसीलॅक्टोबॅसिलस दिसेल. जंतू तोच, घाबरू नका.

'लॅक्टिक ॲसिड बॅसिलस' किंवा 'लॅक्टोबॅसिलस स्पोरोजेनिस' हा मुळात लॅक्टोबॅसिलस नाहीच. तो बॅसिलस कोॲग्युलन्स. जुनं चुकीचं नाव बाजारात चिकटून राहिलं आहे. वरच्या कुठल्याच यादीत तो नाही.

सात-आठ जंतूंच्या मिसळीत एकूण आकडा मोठा छापतात, पण कोणता किती ते नसतं. एलजीजी असलाच तर हजार कोटी आहे की पन्नास, कळायला मार्ग नाही. लायसन्स कसलं आहे तेही बघा. अन्नसुरक्षा खात्याचा, म्हणजे एफएसएसएआयचा, १४ आकडी नंबर असेल तर तो माल कायद्याने खाद्य-पूरक आहे, औषध नव्हे. जुलाब बरे करतो असा दावा त्याला करता येत नाही.

आता फ्रिज. क्लॉसी आणि कोॲग्युलन्स स्पोअर धरतात, त्यांना उन्हाळ्याचं काही वाटत नाही. वाळवलेली बोलार्डी बंद सॅशेत, लेबलवर लिहिलेल्या तापमानापर्यंत बाहेर टिकते. लॅक्टोबॅसिलस नाजूक. पण त्याला नुसत्या उष्णतेपेक्षा ओल आणि उष्णता एकत्र जास्त मारते. त्यामुळे लाइट दोन-तीन तास गेली आणि फ्रिजचं दार बंद राहिलं तर चिंता नको. घात होतो तो वेगळ्याच ठिकाणी. गार सॅशे बाहेर काढून काउंटरवर ठेवायचा, बाहेरून दव धरतं, परत आत टाकायचा, असं दिवसातून चार वेळा. पत्र्याच्या शेडमधल्या दुकानांनी मार्च ते जून एलजीजीचा साठा कमीच ठेवावा. 'कोटी' हा आकडा बनवतानाचा आहे की मुदत संपेपर्यंतचा, हेही लेबलवर बघा. काही कंपन्या दुसरा लिहितात, तो घ्यावा.

घरी देताना: सॅशे फाडला की पूर्ण वापरायचा, अर्धा उद्याला नाही. कोमट किंवा साध्या पाण्यात, दोन-तीन चमच्यांत. गरम पेजेत टाकला की जंतू मेले. ओआरएसच्या भांड्यातही कालवू नये, कारण मूल अर्धा लिटर पिऊन उरलेलं टाकतं, मग औषध किती गेलं याचा पत्ता लागत नाही. अँटिबायोटिक चालू असेल तर लॅक्टोबॅसिलस आणि त्यात दोन तासांचं अंतर. बोलार्डी अँटिबायोटिकने मरत नाही, पण फ्लुकोनॅझोलसारख्या बुरशीच्या औषधाने मरते. अर्थात व्हायरल जुलाबात ओफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलच्या बाटलीचं कामच काय, हा खरा प्रश्न.

---

माणदेशी_ताई

तासगावकर दादा, प्रोबायोटिकवर एवढी चर्चा झाली, पण पोर दवाखान्यात भरती होतं ते ओआरएस चुकल्यामुळे. अंगणवाडी आणि आशांच्या प्रशिक्षणात आम्ही जे घोकून घेतो तेच लिहिते.

पाकिटं दोन मापांची येतात. मोठं, साधारण २०.५ ग्रॅमचं, १ लिटरसाठी. छोटं, चार-सव्वाचार ग्रॅमचं, २०० मिलीसाठी. सगळ्यात घातक चूक म्हणजे मोठं पाकीट एका तांब्यात किंवा ग्लासात कालवणं. रक्तात मीठ वाढतं, मूल चिडचिडं होतं, सारखं पाणी मागतं, झटके येऊ शकतात. उलटी चूक, छोटं पाकीट मोठ्या बाटलीत, म्हणजे नुसतं पाणी. तांब्या हे माप नव्हे, प्रत्येक घरचा वेगळा. पाण्याची १ लिटरची रिकामी बाटली धुऊन माप म्हणून द्या. 'अर्धं पाकीट अर्ध्या लिटरला' हेही नको. पावडर पाकिटात थर धरून बसते, एका अर्ध्यात मीठ जास्त जातं.

पाणी आधी उकळून गार करायचं, मग पावडर. कालवल्यावर उकळायचं नाही. वर साखर, ग्लुकोजची पावडर, दूध काही घालायचं नाही. ओआरएस चालतं कारण आतड्यात मीठ आणि ग्लुकोज बरोबरीने आत जातात आणि पाण्याला ओढून नेतात. साखर वाढली की पाणी उलटं आतड्यात येतं. म्हणूनच कोल्ड्रिंक आणि डब्यातला ज्यूस नको. दुकानातल्या टेट्रापॅकवर आधी मोठ्या अक्षरात 'ओआरएस' असायचं. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये एफएसएसएआयने पेयांच्या नावात तो शब्द वापरायला बंदी केली. तरी लोक सवयीने तेच मागतात. खऱ्या पाकिटावर सोडियम ७५, ग्लुकोज ७५ आणि एकूण २४५ हे आकडे असतात. ते बोट ठेवून दाखवा.

किती: दर पातळ शीनंतर दोन वर्षांखाली ५० ते १०० मिली, त्यापुढे १०० ते २०० मिली. डोळे खोल गेलेत, मूल अधाशासारखं पितंय, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली की सावकाश बसतेय, तर ४ तासांत किलोमागे ७५ मिली, आणि हे आरोग्य केंद्रात नर्ससमोर. १० किलोच्या पोराला ७५० मिली म्हणजे ५ मिलीचे १५० चमचे. २४० मिनिटांत बसवायचे तर दर दीड मिनिटाला एक चमचा. आई एकटी थकते. घरातल्या दोघांनी आलटून पालटून बसावं लागतं, हे आधीच सांगायचं.

"पाजलं की ओकतंय" ही तक्रार नव्वद टक्के वेळा बाटलीने किंवा वाटीने गटागटा पाजल्यामुळे असते. उलटी झाली की १० मिनिटं थांबा, मग दर दोन-तीन मिनिटांनी एक चमचा. कालवलेलं २४ तासांनी ओतून टाका.

ऊसतोडीच्या कोप्यांवर हंगाम आणि रोटाचे दिवस एकत्रच येतात. तिथे फ्रिज नाही, घड्याळही नाही, मुकादमाच्या मोबाइलवर वेळ बघतात. तिथल्या आईला स्ट्रेनचा नंबर सांगून काय उपयोग? एक बाटली, एक चमचा, आशाताईंकडची फुकटची ओआरएस आणि झिंकची पाकिटं, एवढ्यावर काम होतं.

दह्याचं: जरूर द्या, पण खाणं म्हणून. सहा महिन्यांच्या पुढच्या मुलाला ताजं, अदमुरं दही मऊ भातात कालवून. विरजणात कोणता जंतू किती हे प्रत्येक घरात वेगळं, त्यामुळे औषध म्हणून मोजता येत नाही. मात्र दूध विरजताना त्यातली थोडी साखर जंतू खातात, म्हणून पोट बिघडलेलं असताना दही दुधापेक्षा सोसतं. मे महिन्यात सकाळचं दही संध्याकाळपर्यंत आंबट ढाण होतं, ते नको. अंगावरचं दूध एकदाही तोडायचं नाही. वरच्या दुधात पाणी घालून पातळ करायचं नाही. खिमट, तूप घालून मऊ भात, केळं, मुगाचं वरण, सगळं चालतं. उपाशी ठेवलं की आतडं भरून यायला उशीर लागतो.

आणि जायफळ उगाळून देऊ नका. त्याने मूल पेंगतं. मग ती गुंगी जायफळाची की अंगातलं पाणी गेल्याची, हे डॉक्टरांनाही पटकन ओळखता येत नाही.

---

तासगाव_मेडिकल

सगळ्यांचे आभार. ताई, बाटलीचं माप ही गोष्ट डोक्यातच आली नव्हती. रिकाम्या बाटल्या जमवायला घेतो.

दोन शंका राहिल्या. एक, झिंकची गोळी चमच्यात विरघळवून दिली की मुलं थुंकतात, 'तोंडात पैसा धरल्यागत लागतंय' असं मोठी मुलं सांगतात. सिरप द्यावं का? दोन, शी थांबवायची गोळी मागणारे येतात, त्यांना काय सांगू?

---

वाई_औषधनिर्माण

सिरप चालेल, पण बाटलीवर ५ मिलीत १० आहे की २० हे बघून चमच्याचं माप लिहून द्या. दोन्ही बाजारात आहेत आणि गोंधळ तिथेच होतो. गोळीच द्यायची तर एका चमच्यात आईचं दूध किंवा उकळून गार केलेलं पाणी, त्यात पूर्ण विरू द्या, मिनिटभर लागतो. रिकाम्या पोटी नको, दोन घास गेल्यावर द्या, मळमळ कमी होते. अर्ध्या तासाच्या आत ओकलं तर एकदाच परत.

शी थांबवायची गोळी म्हणजे लोपेरामाइड, ती लहान मुलाला अजिबात नाही. आतड्याची हालचाल बंद पडते, पोट फुगतं. पाणी आतड्यातच साचतं, बाहेर दिसत नाही, आणि आई म्हणते जुलाब थांबले. रेसिकॅडोट्रिल वेगळं आहे, ते पाणी सुटणं कमी करतं, हालचाल थांबवत नाही. पण मात्रा किलोमागे दीड मिग्रॅ दिवसातून तीनदा अशी वजनावर बसवावी लागते, म्हणून चिठ्ठीशिवाय नको.

---

मिरज_बालरोग

बिलाच्या मागे छापून ठेवा. यांपैकी एक जरी दिसलं तर पुडी विकायची नाही, सांगली-मिरजेला किंवा जवळच्या ग्रामीण रुग्णालयात पाठवायचं, गाडी नसेल तर १०८:

शीत रक्त. हिरवी उलटी. सहा-आठ तास लघवी नाही. मूल हलवलं तरी नीट जागं होत नाही, किंवा चमचाभरही पीत नाही. पोटावरचा चिमटा दोन सेकंदांहून जास्त तसाच उभा. टाळू खोल. झटका. तीन महिन्यांखालचं बाळ आणि ताप.

जुलाब १४ दिवसांच्या पुढे गेले तर तो व्हायरलचा विषय राहिला नाही. आणि आठवडा उलटूनही फेसाळ, आंबूस शी आणि ढुंगण लाल होत असेल तर दुधातली साखर पचत नसण्याची शक्यता, त्यासाठी दाखवून घ्यावं. स्वतःहून दूध बदलू नये.

---

माणदेशी_ताई

लशीचं राहिलं. रोटाचे थेंब सरकारी लसीकरणात ६, १० आणि १४ आठवड्यांना फुकट आहेत. पहिला डोस चुकला असेल तर वर्षाच्या आत सुरू करता येतो. लस घेतलेल्या मुलालाही ढाळ लागू शकतात, पण सलाइनपर्यंत जायची पाळी कमी येते. तुमच्याकडे चौकशीला आलेल्या बाईच्या कडेवर तान्हं असेल तर कार्ड विचारा.

आणि घरातल्या बाकीच्यांसाठी: नोरो व्हायरस सॅनिटायझरने नीट जात नाही. शी धुतल्यावर साबण आणि वाहतं पाणी. दुपटी वेगळी भिजवा.

---

तासगाव_मेडिकल

कार्ड विचारायचं लक्षात ठेवतो. काउंटरवर पाटी अशी लावतोय, चूक असेल तर सांगा: "जुलाब? आधी: १ लिटरचं पाकीट, १ लिटरची बाटली, झिंक १४ दिवस. प्रोबायोटिक नंतर विचारा."

---

कराड_मायक्रो

'१ लिटरचं' हे शब्द लाल रंगात लिहा. आणि छोटी पाकिटं त्याच बरणीत ठेवू नका.